आजोबांचा वस्तरा धार धरेना

मांजराकाठ
५ जुलै, रात्री १०.२०

तीन आठवडे झाले, रोज रात्री तास-दीड तास एका वस्तऱ्यावर घालवतोय आणि तो काही केल्या धार घेत नाही. इथं हत्यारा-अवजारांची जाण असलेली बरीच मंडळी आहेत, म्हणून सगळं सविस्तर लिहितो.

वस्तरा माझ्या आजोबांचा. मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा ते अडतीच्या कामानं लातूरहून हैदराबादला जायचे, तिथून आणलेला. पैसे हाली शिक्क्यात मोजले होते असं आजी सांगायची. बुडाशी ‘सोलिंगेन, जर्मनी’ एवढं वाचता येतं, बनवणाऱ्याचं नाव झिजून गेलंय. पातं पाच सूत (पाच अष्टमांश इंच) रुंद, दोन्ही अंगांनी पोकळ घासलेलं, दस्ता काळ्या शिंगाचा. आजोबा शेवटपर्यंत, म्हणजे १९८७ पर्यंत, याच वस्तऱ्यानं स्वतःची दाढी करत. ओसरीच्या कोनाड्यात आरसा, शेजारी तुरटीचा खडा. मी चार-पाच वर्षांचा असेन. पातं गालावरून जाताना होणारा खर्र आवाज अजून कानात आहे. ते गेल्यावर आजीनं वस्तरा करडईच्या तेलाच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या पेटीत ठेवला. यंदा जुनं घर उतरवताना पेटी उघडली.

मला या वस्तऱ्यानं दाढी करायची आहे. काचेच्या कपाटात ठेवायला नकोय.

आधी रॉकेलनं पुसला. मग १०००/६००० नंबरचा जोडदगड मागवला (नंबर मोठा तितका दगड बारीक). १००० वर एका बाजूनं दोनशे, दुसऱ्या बाजूनं दोनशे हात मारले असतील, त्यानंतर ६०००. तेवढ्यानं भागेना म्हणून १२००० चा छोटा दगड घेतला. शेवटी चामड्याचा पट्टा. एवढं करून पात्याचा मधला भाग हातावरची लव काढतो. बुडाकडचा अर्धा इंच आणि टोकाकडचा तेवढाच भाग नुसता केसांवरून घसरतो. परवा मधल्या भागानं गालावर प्रयत्न केला. पहिल्या दोन ओढी बऱ्या गेल्या, तिसरीला केस उपटल्यासारखं झालं, डोळ्यांत पाणी आलं.

१२००० च्याही पुढचा दगड घ्यावा का? की पट्ट्याला ती पॉलिशची हिरवी पेस्ट लावून बघू?

जालनेकर
५ जुलै, रात्री ११.०५

दादा, एवढा कुटाणा कशाला? बाजारात मोटरच्या चाकावर धार लावून देणारा बसतो ना, दोन मिनिटांचं काम. आमच्या घरच्या कात्र्या, विळ्या सगळं तिथंच.

वाळूजचा फिटर
६ जुलै, सकाळी ६.५०

मांजराकाठ, चाकावर बिलकूल देऊ नका. जालनेकरांचा सल्ला विळीला ठीक आहे, वस्तऱ्याला नाही, आणि कारण सांगतो.

वस्तऱ्याचं पोलाद लाल करून विझवतात, म्हणजे आपण ज्याला पाणी देणं म्हणतो ते. त्यानंतर साधारण १५० ते २०० अंशांवर परत तापवून त्याचा ठिसूळपणा थोडा कमी करतात. एवढ्यावर त्याचा कडकपणा ठरलेला असतो. कोरड्या चाकावर धारेची बारीक कड टेकली की उष्णता जायला तिथं जाडीच नसते. क्षणात तापमान कुठच्या कुठं जातं. कड निळी झाली तर समजा तीनशेच्या आसपास गेली. तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. वरून कितीही घासा, धार येईल आणि एका दाढीत वळेल. मी टूलरूममध्ये बावीस वर्षं काढलीत, अशी जळलेली टूलं रोज बघतो. तुमच्या पात्यावर निळसर किंवा तपकिरी डाग कुठं आहे का, ते आधी बघा. तुमच्या आधी कुणी चाकावर धरला असेल तर गोष्ट वेगळी.

आता तुमच्या प्रश्नाचं. पुढचा बारीक दगड घेऊ नका. पेस्टही नको. धार म्हणजे दोन ढाळ, म्हणजे कडेचे दोन अंगांचे उतार, एका रेषेत मिळणं. ते १००० वरच मिळायला हवेत, पात्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. ते मिळाले नसतील तर ६००० आणि १२००० फक्त न मिळालेल्या ढाळांना चमक देतात. तुमच्याकडं मधेच मिळालेत.

परमनंट मार्कर घ्या. धारेच्या दोन्ही ढाळांवर आणि पाठीवर शाई लावा. १००० वर एकदाच, हलक्या हातानं, पाठ आणि धार दोन्ही टेकवून ओढा. शाई कुठं गेली, कुठं राहिली ते इथं लिहा. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी व्हर्नियरनं मोजा. आणि दगड सपाट आहे का? त्यावर पेन्सिलीनं चौकडी आखा, काचेवर २२० चा वॉटर पेपर ठेवून पाण्यात घासा. मधली पेन्सिल राहिली तर दगड मधे खोल गेलाय.

पानफुटी
६ जुलै, दुपारी १.१५

मी वनस्पतीशास्त्र शिकवते, बीडला. आमच्या पिढीनं खोडा-पानांचे छेद वस्तऱ्यानंच घेतलेत. पान गाजराच्या नाहीतर बटाट्याच्या तुकड्यात धरायचं आणि ओला वस्तरा स्वतःकडं ओढायचा. छेद एका पेशीच्या जाडीचा हवा. धार कुठं कमी आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली लगेच कळायचं, तेवढ्याच पट्ट्यात पेशी फाटलेल्या दिसायच्या. त्यामुळं वस्तऱ्याशी माझी जुनी ओळख आहे, जरी दाढीशी नसली तरी.

एक साधी तपासणी सांगते. घड्याळजीचं दहापट भिंग घ्या. अंधाऱ्या खोलीत एकच दिवा लावा आणि धार सरळ डोळ्याकडं करून दिव्याखाली हळूहळू तिरपी करा. खऱ्या धारेवर प्रकाश थांबत नाही, ती दिसतच नाही. जिथं पांढरी रेघ किंवा ठिपका चमकेल तिथं ती चपटी आहे किंवा तुटलेली आहे.

दुसरं, करडईचं तेल. ते वाळणारं तेल आहे, रंगांमध्ये वापरतात ते याच गुणामुळं. इतक्या वर्षांत त्याचा पिवळा, कडक पापुद्रा झाला असणार आणि तो रॉकेलनं निघत नाही. पाठीवर तसा थर असेल तर पातं दगडावर नीट बसणारच नाही. थिनरमध्ये कापूस भिजवून फक्त पोलाद पुसा, शिंगाच्या दस्त्याला लागू देऊ नका.

मांजराकाठ
६ जुलै, रात्री ११.४०

ताई, अगदी बरोबर. पाठीच्या एका अंगाला पिवळे खवले होते. मी ते पितळेसारखा डाग समजत होतो. थिनर आणि नखानं निघाले. निळा डाग कुठंही नाही.

मापं: रुंदी १५.६ मिमी, पाठीची जाडी मधे ४.२ मिमी. दगड मधे खोल होता, चौकडीतली मधली पेन्सिल शेवटपर्यंत राहिली. आता सपाट केला.

मार्करचा निकाल मात्र चक्रावून टाकणारा आहे. नाव कोरलेली बाजू टेकवली तर मधली शाई जाते, दोन्ही टोकांची राहते. उलट बाजू टेकवली तर दोन्ही टोकांची जाते आणि मधली राहते. दगड सपाट केल्यावरही तेच.

वाळूजचा फिटर
७ जुलै, सकाळी ६.३०

म्हणजे पातं वाकलेलं आहे. एका अंगानं पोट, दुसऱ्या अंगानं खळगा. केळीच्या पानासारखं, पण केसाएवढं. काचेवर ठेवून बघितलं तर डुलेल. जुन्या वस्तऱ्यांत हे खूप आढळतं, विझवताना पातं थोडं फिरतं. सरळ करायला जाऊ नका. इतकं कडक पोलाद वाकत नाही, मोडतं.

कोनाचं गणित: ४.२ आणि १५.६ मधून साडेपंधरा अंश येतात. वस्तऱ्याला सोळा-सतराच्या आसपास बरं असतं, तुमची पाठ वर्षानुवर्षं घासून थोडी उतरलीय. पाठीवर इन्सुलेशन टेपचा एक थर लावा. दोन्ही बाजू मिळून ०.३ मिमी वाढतील, कोन एका अंशानं वाढेल आणि पाठ आणखी झिजणार नाही. फार लहान कोनाची कड पातळ असते, तिसऱ्या ओढीला उपटलं ते त्यानंही असू शकेल.

खळग्याच्या बाजूला रुंद दगड पोचणार नाही. त्याचा विचार करून सांगतो.

गोदातीर
७ जुलै, सकाळी ९.००

नांदेडला गुरुद्वाराजवळ तलवारी-कृपाणांची दुकानं आहेत. तिथं विचारू का? हाताला पारखे लोक आहेत.

वाळूजचा फिटर
७ जुलै, सकाळी ९.२५

पारखे आहेतच, पण तलवारीची धार जाड कोनाची असते आणि तिला पाठ टेकवून कोन धरायचा नसतो. काम वेगळं आहे.

धोकटी
७ जुलै, रात्री ९.५०

नमस्कार. मी उदगीरचा. आमचा पिढीजात धंदा हाच. माझ्या दुकानात आता अर्धं ब्लेड मोडून घालायचा वस्तरा आहे, प्रत्येक गिऱ्हाईकाला नवं ब्लेड, आणि तेच योग्य आहे. एकाचा वस्तरा दुसऱ्याला लावला तर रक्तातून कावीळ, एचआयव्ही असले रोग जाऊ शकतात. मांजराकाठ दादा, तुमचा वस्तरा फक्त तुमचाच ठेवा, भावालाही देऊ नका.

पण वडील आयुष्यभर निसण्यावर, म्हणजे धारेच्या दगडावर, धार लावलेल्या वस्तऱ्यानंच काम करायचे. पाच गावं होती त्यांच्याकडं. सुगीला राशीवर जायचं, ज्वारीचं बलुतं घेऊन यायचं. धोकटीत कैची, नराणी, आरसा, वाटी, पट्टा आणि निसणा. तो निसणा अजून माझ्याकडं आहे. फिटर साहेब ‘रुंद दगड पोचणार नाही’ म्हणाले आणि माझ्या डोक्यात लख्खकन उजेड पडला. आमचा निसणा दोन बोटं रुंद आहे, वीतभर लांब, कडा गोल झालेल्या. मला लहानपणापासून वाटायचं, गरिबीमुळं छोटा दगड घेतला असेल. आज कळलं की वाकड्या पात्यालाही तो खळग्यात जाऊन लागत होता.

बापू म्हणायचे, ‘पातं सरळ नेऊ नकू, बुडापासून टोकाकडं तिरकं ने.’ दगड अरुंद, पातं लांब, मग धार पुढं ठेवून जाताना पातं बाजूला सरकवत न्यावं लागतं, म्हणजे प्रत्येक हातात बुड ते टोक सगळं दगडावरून जातं. परत येताना पाठीवर पलटायचं, धारेवर कधीच नाही.

टेपशी मी सहमत नाही. आमच्याकडं कुणी कधी लावली नाही. पाठ आणि धार बरोबर झिजत जातात म्हणूनच कोन कायम राहतो.

सोमवारी माझं दुकान बंद असतं. लातूरहून उदगीर काही लांब नाही. वस्तरा घेऊन या.

वाळूजचा फिटर
८ जुलै, सकाळी ६.४०

धोकटी, तुमचं म्हणणं मला पटतं. पाठ आणि धार जोडीनं झिजली तर कोन टिकतो. पण मधे कुणीतरी पाठीवर जास्त भार दिला की तो हिशेब मोडतो, आणि यांच्या मापांत तो मोडलेला दिसतोय. म्हणून टेप. तुम्ही हातात घेऊन बघितल्यावर जे म्हणाल ते मी मानेन.

लातूरचा उन्हाळा
८ जुलै, दुपारी ३.३०

विषयाला थोडं धरून. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं तेव्हा दगड भिजवायला पाणी वापरणं जिवावर यायचं, म्हणून मी सुतारकामाच्या पटाशीला दगडावर करडईचं तेल वापरलं. दोन महिन्यांत दगडाची छिद्रं बुजली, वर काचेसारखा लुकण बसला, पटाशी नुसती घसरायची. वरचा थर वॉटर पेपरनं काढला तेव्हा दगड पुन्हा खायला लागला. पानफुटीताईंनी सांगितलेलं कारण तेव्हा माहीत नव्हतं. आणि बोअरचं पाणी वापरत असाल तर काम झाल्यावर पातं लगेच कोरडं करा, क्षाराचे ठिपके धारेवर वाळले की त्याखाली गंज धरतो.

मांजराकाठ
१४ जुलै, रात्री १०.५५

काल उदगीरला जाऊन आलो. जे बघितलं ते जमेल तेवढं लिहून ठेवतो, पुन्हा कुणाला लागेल.

धोकटी दादांनी आधी चहा दिला, मग वस्तरा हातात घेऊन खिडकीशी नेला. भिंग वगैरे काही नाही. अंगठ्याचं नख ओलं केलं आणि धार त्यावर अलगद, फक्त वजनानं, बुडापासून टोकापर्यंत ओढली. मधे नखाला पकडते, दोन्हीकडं सुटते, असं लगेच म्हणाले. मग पाठ दाखवली. नाव कोरलेल्या अंगाला मधे झिजेचा पट्टा रुंद, टोकांना अरुंद. दुसऱ्या अंगाला बरोबर उलट. माझ्या तीन आठवड्यांत एवढी झीज होणं शक्य नाही, म्हणजे वाक आजोबांच्या काळापासूनचा. आजोबांनाही तो माहीत असणार आणि ते त्याच्यासकट रोज दाढी करत होते. हे ऐकून मी थोडा वेळ गप्पच झालो.

निसणा राखाडी रंगाचा, हाताला साबणासारखा. त्यांनी तो टेबलावर न ठेवता डाव्या हातात धरला. उजव्या हातात वस्तरा, दोन बोटं बुडाच्या मानेवर. पहिले पाच-सहा हात नुसते ऐकत होते. दगडावर पाणी होतं. धारेच्या पुढं पाण्याची बारीक लाट चालते. जिथं धार खरंच दगडाला टेकलेली आहे तिथं पाणी धारेवर चढतं, जिथं टेकलेली नाही तिथं ते खालून निसटून जातं. मला पहिल्यांदा दिसलंच नाही. त्यांनी माझं डोकं धरून खाली, दगडाच्या पातळीला आणलं, तेव्हा दिसलं: खळग्याच्या बाजूला माझा रुंद दगड असताना मधे पाणी खालून जातं, त्यांच्या निसण्यावर लाट बुडापासून टोकापर्यंत सलग फिरत गेली.

बुडाकडची अडचण वेगळीच निघाली. पात्याच्या मुळाशी जाड खांदा असतो. रुंद दगडावर मी पातं पूर्ण आत घालत होतो, खांदा दगडाच्या कडेवर चढत होता आणि बुडाचा अर्धा इंच हवेत राहत होता. दोनशे हात मी हवेत मारले. खांदा दगडाच्या बाहेर ठेवून सुरुवात करायची, एवढंच.

टेपबद्दल त्यांनी वस्तरा बराच वेळ न्याहाळला आणि म्हणाले, फिटर साहेबांचं बरोबर आहे, याच्या पाठीवर कुणाचा तरी हात जड पडलाय, एक थर लावा.

पण निसणा बारीक आहे, ढाळ बसवायला तो पुरत नाही. आता काय करू?

वाळूजचा फिटर
१५ जुलै, सकाळी ६.३५

तुमचा जोडदगड फरशी बसवणाऱ्याकडं न्या. पाणी सोडून चालणाऱ्या डायमंड कटरनं लांबीत एक इंच रुंद पट्टी कापून घ्या. कोरडं कापू देऊ नका, दगड तडकेल. पट्टीच्या चारही कडा वॉटर पेपरनं गोल करा, नाहीतर कड पात्यावर ओरखडा पाडेल. खळग्याची बाजू पट्टीवर, पोटाची बाजू कुठंही.

दोन्ही ढाळ पुसून नव्यानं बसवायचे तर एक कठोर उपाय आहे: धार काचेच्या ग्लासच्या कडेवर एकदा, अगदी हलकी, ओढून पूर्ण बोथट करा. जीव खालीवर होईल, पण त्यानं जुनी तुटकी कड आणि बर दोन्ही जातात. बर म्हणजे धारेच्या शेंड्यावर लोंबणारी पातळ किनार. तीच हातावरचे केस काढते, धार आल्यासारखं भासवते आणि तिसऱ्या ओढीला तुटते. नंतर भिंगातून दिसणारी पांढरी रेघ सगळीकडं जाईपर्यंत १००० सोडू नका. शेवटचे पन्नास हात एक इकडं, एक तिकडं, फक्त वस्तऱ्याच्या वजनावर.

मांजराकाठ
२१ जुलै, रात्री ९.१०

पट्टी कापून घेतली, पन्नास रुपये घेतले त्यानं. ग्लासवर धार ओढताना हात थरथरत होता.

१००० च्या पट्टीवर तीन संध्याकाळी गेल्या. पहिल्या दिवशी बुडाची रेघ गेली. टोकाला गंजाचा एक बारीक खड्डा अगदी धारेत होता, तो संपेपर्यंत घासावं लागलं आणि त्यातच दोन दिवस. नंतर ६००० वर पाऊण तास, १२००० वर जेमतेम वीस हात. पट्ट्यावर पाठ पुढं ठेवून आधी सुती कापडाचे तीस आणि मग चामड्याचे साठ फेरे. पट्टा ताठ धरला, सैल राहिला की धार गोल होते हे धोकटी दादांनी दहा वेळा बजावलं होतं.

आज सकाळी गरम पाण्याचा टॉवेल, साबण चांगला दोन-तीन मिनिटं मुरवला, मग डावा गाल. पातं तीस अंशांच्या आसपास तिरकं. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी ओढ. उपटलं नाही. तो खर्र आवाज आला, तसाच. हनुवटीखाली दोन ठिकाणी कापलं, तिथं तुरटी लावली. ओठावरचा भाग आज सोडून दिला, हात बसल्यावर करीन.

आई दारात उभी राहून बघत होती. ‘सासऱ्यांचाच हात आहे’ म्हणाली आणि आत गेली.

पानफुटी
२१ जुलै, रात्री ९.४५

वाचून डोळे भरले. पुढच्या वेळी फडक्याला करडईचं नको, मशीनच्या तेलाचा अगदी पुसट थर द्या, आणि पावसाळ्यात बाथरूममध्ये ठेवू नका.

धोकटी
२२ जुलै, सकाळी ७.३०

लई बरं वाटलं दादा. दर दाढीआधी पट्टा चुकवू नका. दगड आता सहा महिने लागू नये. लागला असं वाटलं तर आधी मला फोटो पाठवा, मग दगड काढा.

मांजराकाठ
२२ जुलै, रात्री १०.०५

होय दादा. फक्त पट्ट्याचं चामडं कडक पडलंय, कडेला चिरा गेल्यात. म्हशीचं घ्यावं की बैलाचं, आणि लातूर-उदगीरकडं कुणाकडं नीट कमावलेलं मिळतं?

धोकटी
२२ जुलै, रात्री १०.३०

म्हशीचं. जाड असतं, ताणलं तरी लांबत नाही. सोमवारी या, आमच्या इथल्या चांभारकाकांकडं घेऊन जातो, माझा पट्टा त्यांनीच शिवलाय.